तात्यांच्या ट्रॅक्टरला कोणी हात लावला

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिच्यापासून माझी तंबाखूची पुडीसुद्धा लपून राहत नाही. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही शब्बीरभाईंना ओळखत नाही, म्हणून असेल.

मी राहुरीला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये सर्व्हिस इंजिनिअर आहे. इंजिनिअर म्हटल्यावर फार मोठं काही समजू नका – माझं निम्मं काम लॅपटॉपवरचं. नव्या ट्रॅक्टरच्या इंजिनाला एक छोटी पेटी असते, सगळा कारभार तिच्याकडे. ती उघडायला कंपनीचा लॅपटॉप लागतो आणि कंपनीचा पासवर्ड, आणि आमच्या भागात तो माझ्याकडे. शेतकरी ट्रॅक्टर घेतो, पेढे वाटतो, बॉनेटवर आईचं नाव रंगवतो. पण बाहेरचा एखादा सेन्सर बसवला, की पेटी तो ओळखत नाही आणि ट्रॅक्टरची गोगलगाय होते. मग मला फोन. शब्बीरभाई यावर हसायचे. "दत्ता, ट्रॅक्टर त्याचा, डिझेल त्याचं, आन परवानगी तुजी? ही कुठली मालकी रं?" मीही हसायचो.

शब्बीरभाई आमच्या गावच्या फाट्यावरचे मिस्त्री. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे, डोळे मिटायचे – आणि नेमका दोष सांगायचे. कामावरून सुटलो की मी त्यांच्या शेडमध्ये जाऊन बसायचो. मी लॅपटॉपवरचे आकडे दाखवायचो, ते मला आवाज ऐकायला शिकवायचे. चुकलो की चारचौघांत झापायचे. वडील गेल्यावर मला इतकं हक्काने कोणी रागावलं नाही. तो कोरा चहा, ते डिझेलचा वास लागलेलं बाकडं – मला ते अजून हवं असतं. रोज हवं असतं.

तर ती खंडेनवमी. दोन वर्षं झाली.

आदल्या दिवशी आमच्याकडे ही गर्दी – प्रत्येकाला पूजेआधी ट्रॅक्टर धुऊन, सर्व्हिसिंग करून हवा असतो. आमच्या गावच्या बबनतात्यांच्या ट्रॅक्टरमध्ये कंपनीचं नवं अपडेट टाकायचं होतं. मी टाकलं. घाईत टाकलं, आणि दुसऱ्याच मॉडेलचं टाकलं. दोन्ही नावांत एका आकड्याचा फरक.

सकाळी तात्यांनी नारळ फोडला आणि ट्रॅक्टर पेरणीला काढला. खरं तर त्या दिवशी अवजारांना विसावा द्यायचा. पण ज्वारी पेरायची होती, आणि वाफसा काही सणवार बघून थांबत नाही. तासाभरात ट्रॅक्टर रुसला. चालू होता, पण रेसच घेईना. माझा फोन लागेना, म्हणून तात्यांनी शब्बीरभाईंना बोलावलं.

आता हे नीट ऐका. खंडेनवमीला शब्बीरभाई पान्याला हात लावत नसत. सगळे पाने धुऊन-पुसून शेडमध्ये ओळीने मांडायचे, गिऱ्हाइकं येऊन त्यांना झेंडू वाहायची. "वरीसभर राबत्यात, एक दिस सुट्टी नको व्हय त्यांना?" – हे त्यांचं बोलणं अख्ख्या गावाला पाठ. तर ते रिकाम्या हातांनी आले. बॉनेट तात्यांनी उघडलं. शब्बीरभाई वाकले, थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "इंजान ठणठणीत हाय. ह्याच्या डोक्यात कायतरी भलतंच भरलंय. दत्ताला येऊ द्या." हे मला नंतर कळलं.

शेवटी माझा फोन लागला. मी पोचलो तेव्हा बांधावर पंधरा-वीस माणसं जमलेली, त्यांत शब्बीरभाईही. लॅपटॉप जोडला. पहिल्याच मिनिटाला मला माझी चूक दिसली – आणि मी भ्यायलो. नोकरी जाणार होती का? छे. साहेब दोन शब्द बोलला असता, संपलं असतं. मग भ्यायलो कशाला? त्या माणसांना. लॅपटॉप उघडला की ती गप्प उभी राहायची, मला खुर्ची आणून द्यायची – ते जाईल म्हणून भ्यायलो.

तात्या म्हणाले, "काय झालं रं?"

आणि मी, मान वर न करता, म्हणालो – "बिघाड बारका हुता, तात्या. पन बाहेरच्यानं हात लावला, आन पेटी लॉक झाली."

असं काही झालंच नव्हतं. तात्या तिथेच तर उभे होते, त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण स्क्रीनवर लाल अक्षरं होती, इंग्रजीतली. तात्यांनी अक्षरांकडे पाहिलं, मग शब्बीरभाईंकडे. मागून कोणीतरी म्हणालं, "खेळला आसंल पेटीशी." कोणी म्हणालं, "म्हातारं झालं मिस्त्री." बस्स.

शब्बीरभाई माझ्याकडे बघत होते. त्यांना सगळं कळलं होतं – आवाजावरून दोष ओळखणाऱ्या माणसाला माझा आवाज कळणार नाही? एक शब्द बोलले असते तर मी तिथेच उघडा पडलो असतो. त्यांनी फक्त चप्पल पायात सरकवली आणि बांधाने निघून गेले. मी दहा मिनिटांत बरोबर फाइल टाकली. ट्रॅक्टर गुरगुरला. मला चहा आला, आणि मी तो प्यायलो.

त्यानंतर नवे ट्रॅक्टर त्यांच्याकडे जायचे थांबले. मग जुनेही थांबले, ज्यांना असली पेटीच नव्हती. वर्ष उलटायच्या आत शेड रिकामं झालं आणि ते श्रीरामपूरला मुलीकडे राहायला गेले. तिथे शेजारपाजारच्यांची शिलाई मशीन नीट करून देतात म्हणे. राहुरीहून जायला कितीसा वेळ लागतो? मी गेलो नाही. कधी एखाद्या इंजिनाचा आवाज उमगत नाही आणि हात आपोआप फोनकडे जातो, त्यांना विचारायला. नंबर काढतो, बघत बसतो. त्यांनी एकदा झापावं, नावं ठेवावीत, काहीही म्हणावं – फक्त तो आवाज कानावर पडावा, असं फार फार वाटतं. मग फोन खिशात टाकतो.

गेल्या महिन्यात तात्या शोरूमला आले होते, भाच्याला नवा ट्रॅक्टर घ्यायला. भाच्याला बजावत होते – बाहेरच्या मिस्त्रीला जवळ फिरकू देऊ नको. आणि शब्बीरभाईंची गोष्ट सांगत होते. आता त्या गोष्टीत शब्बीरभाई अर्धं इंजिन खोलून बसलेले असतात. तात्यांना ते तसंच आठवतं, अगदी मनापासून.

भाचा माझ्याकडे वळला. "खरं का, साहेब?"

मी म्हणालो, "व्हय."