काकीचं नाक

आमची पर्यावरण संस्था सुरू झाली ती दांडी गावातल्या एका काकीच्या नाकामुळे. सुकी मासळी विकणारी ही बाई एका सकाळी खाडीकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यो आपला वास नाय." आपला वास म्हणजे मासळीचा, चिखलाचा, मिठाचा. हा कारखान्यांच्या सांडपाण्याचा होता. मी केळव्याच्या वाडीतला, सुपारीच्या बागेत वाढलेला. तरी आमचं पहिलं निवेदन तिच्या अंगणात बसून मीच लिहिलं.

कामाची रीत साधी होती. परका वास आला की काकी फोन करायची, मी मोटारसायकल काढायचो आणि खाडीचं पाणी बाटलीत भरायचो. हे लोक कुठेही नाक खुपसतात, असं कारखानेवाले म्हणत. नाक आहे म्हणून खुपसतो, मी सुनावायचो. पण तपासणीला माणसं येईपर्यंत वारा फिरलेला असायचा आणि आम्ही खोटे ठरायचो.

पुढे काकीचे फोन कमी झाले, मग थांबलेच. आपण जिंकतोय असं वाटून मी एका सभेत पेढेही वाटले.

गेल्या पावसाळ्यात तपासणीचं पथक प्रथमच कारखान्यांना न कळवता आलं. जे काही सिद्ध व्हायचं ते आज, हे काकीला आणि मला, दोघांनाही ठाऊक होतं. काकीच्या अंगणात गाडीतून उतरताच सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. पथकातल्या बाईंना तर ठसकाच लागला. माझं डोकं फिरलं. कोळीवाड्यात येऊन नाक मुरडणारी माणसं मला मुळीच सोसत नाहीत. काकी मात्र सवयीने हसली.

"सुक्याचा वास हाय, बाय. आमाला नाय येत, तुमाला येनारच."

"असं होय," म्हणत पथकाचे साहेब गाडीकडे वळले.

मी सहज अंगणात पाहिलं. बोंबील वाळत घालायचे बांबू रिकामे होते. होड्या कधीच्या वर ओढलेल्या, मासेमारी बंद. भर पावसाळ्यात सुकं कुठून येणार? एरवी पायात घुटमळणारी मांजरंही दिसत नव्हती, आणि खाडीवर एकही कावळा ओरडत नव्हता.

माझ्या नजरेपाठोपाठ काकीनेही बांबूंकडे पाहिलं. तिचं हसू तोंडावर तसंच राहून गेलं. मी जोरात श्वास घेतला. पुन्हा घेतला. नुसती ओली हवा. काकीचे फोन का थांबले असतील ते आत्ता लक्षात आलं.

"काकी, तुला येतो?"

तिने मान हलवली. नाही. मग लगबगीने जाऊन तिने बाईंचा हात धरला.

"बाय, सुकं नाय हाय घरात. तुमीच सांगा, कसला वास येतो?"

साहेब थांबले. आमची तक्रार पहिल्यांदाच खरी ठरत होती. बाई रुमालाआडून सांगू लागल्या, आणि काकी डोळे मिटून, आपल्याच अंगणाचा वास त्यांच्या तोंडून ऐकत राहिली.