तिला फुगू द्या

मुलांनो, बदलापूरचं घर आता रिकामं करायचं आहे, म्हणून भिंतीवरच्या सुकाणूची गोष्ट लिहिते.

अंबरनाथच्या कारखान्यातून आले की तुमचे आजोबा अंगणातली जुनी लाकडी लाँच दुरुस्त करत. त्यात कितीतरी वर्षं गेली. शेवटी ती उल्हास नदीत सोडली, तर फळ्यांच्या फटींतून पाणी आत येऊ लागलं.

शेजारी ओरडले, "साहेब, बोट की चाळणी?"

"सरपणाला देतो," म्हणत आजोबा फुगून बसले.

मी म्हटलं, "अहो, पावसाळ्यात आपलं दार फुगून घट्ट बसतं ना? मग तुम्ही फुगू नका, तिला फुगू द्या."

काही दिवस ती काठाशी बुडवून ठेवली. फटी मिटल्या. पाणी उपसल्यावर ती तरंगली आणि आजोबांनी आधी मला बसवलं.

आता लाँच नाही, तिचं हे सुकाणू आहे.