आईच्या माफीचे भाषांतर

बान यूरीम ही सोळा वर्षांची मुलगी न्यूयॉर्कच्या फ्लशिंग भागात आपल्या आईच्या कपडे दुरुस्तीच्या दुकानावरील खोल्यांत राहत असे. ती सहा वर्षांची असताना हे कुटुंब दक्षिण कोरियातील देगू शहरातून इथे आले. तिच्याविषयी प्रथम सांगण्याजोगी गोष्ट ही, की तिचा उजवा गुडघा कधी स्थिर नसे. जेवताना, अभ्यास करताना, चर्चमध्ये प्रार्थना चालू असतानाही तो हलत राही.

"पाय हलवू नकोस, नशीब गळून पडेल," तिची आई सुनओक ओठांत टाचण्या धरूनच बजावत असे.

"आधी टाचण्या काढ, मग ओरड. गिळशील एखादी."

"गिळली तर तुझ्यामुळे. आणि वर तोंड करून बोलू नकोस."

त्या घराची रीत अशी होती, की मोठे माणूस रागावले तर मान खाली घालावी आणि चूक कोणाची हे न पाहता आधी माफी मागावी. शाळेत मात्र नजरेला नजर न देणारा लबाड ठरे आणि माफी मागणारा गुन्हेगार. दुकानाच्या दारातून जाता-येता यूरीम रोज दोनदा स्वतःला उलटसुलट करीत असे. एखादे वेळी घाईत ते राहून जाई.

त्या वसंतात असेच राहून गेले. रसायनशास्त्राच्या तासाला सोबत असलेल्या, परंतु वयाने मोठ्या ग्यूवॉनताईने तिची वही मागितली. चर्चमधल्या ताईला नाही म्हणणे तिला शक्य नव्हते. ताईने प्रयोगाचा अहवाल चुकांसकट उतरवून काढला. रसायनशास्त्राच्या डिलेनी सरांनी दोन्ही अहवाल यूरीमसमोर ठेवले.

"हे तू उतरवलंस का? माझ्याकडे बघून सांग."

यूरीमची मान आपोआप खाली गेली. "माफ करा, सर," एवढेच ती बोलली.

सरांनी ती कबुली मानली. उन्हाळ्यात विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करण्यासाठी शाळेतून एकच नाव पाठवले जाणार होते आणि ते यूरीमचे होते. ते रद्द करण्यापूर्वी सरांनी तिच्या आईला भेटीस बोलावले.

"मी उतरवलेलं नाही, आई," यूरीमने घरी सांगितले.

"ते काय मला माहीत नाही? पण सरांना त्रास झाला ना? आधी माफी."

स्वतःला ताप असतानाही सुनओक जे दुकान उघडे ठेवी, ते तिने त्या गुरुवारी बंद ठेवले आणि ती शाळेत गेली. तिने नाशपतींची पेटी दोन्ही हातांनी सरांपुढे धरली आणि कमरेतून वाकून ती कोरियनमध्ये म्हणाली, "सर, पोरीला वळण लावण्यात मी कमी पडले. आमची चूक पोटात घ्या."

सुनओकचे इंग्रजी दुकानापुरते होते, म्हणून सरांनी यूरीमकडे पाहिले. "काय म्हणाल्या?"

आणखी एक माफी म्हणजे आपले नाव गेले, हे यूरीमला स्पष्ट दिसले. तिने मान वर केली. "आई म्हणते, माझी मुलगी खोटं बोलत नाही. तिने उतरवलेलं नाही."

सरांचा चेहरा उजळला. त्यांनी सुनओकचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला आणि नाव राहील असे सांगितले.

जिन्यावर सुनओक थांबली. "माफी मागितली तर माणूस इतका खूश कसा झाला गं? माझा हात म्हणजे काय हातपंप वाटला त्यांना? तू नीट सांगितलंस ना?"

यूरीमने काय सांगितले ते कबूल केले.

"मी असं म्हटलंच नव्हतं!"

"पण खरं आहे ना ते?"

"खरं आहे तर तुझ्या तोंडाने सांगायचं. माझं तोंड कशाला उसनं घेतलंस?"

"आता परत गेलो तर नाव जाईल, आई."

"गेलं तर गेलं," सुनओक म्हणाली. तोवर ती चार पायऱ्या वर चढलीही होती.

सर नाशपती खात होते. यूरीमने आईचे खरे शब्द सांगितले आणि मग म्हणाली, "मघाचं मी माझ्याच मनाचं सांगितलं." सरांनी अर्धे फळ खाली ठेवले.

"मग तुझ्या आईला स्वतःला काय वाटतं?"

"त्यांना म्हणावं, गिऱ्हाईक शंका घेतं तेव्हा मी त्याच्यासमोर बसून शिवून दाखवते. हिलाही समोर बसवा," सुनओकने उत्तर दिले. यूरीमने ते जसेच्या तसे सांगितले.

सरांनी हात पुसले. नंतर म्हणाले, "उद्या माझ्यासमोर प्रयोग कर. तो जमला तर उतरवल्याचा डाग मी पुसतो. पण विद्यापीठाला पत्र लिहायचं म्हणजे तुझ्या प्रत्येक शब्दाची हमी द्यायची. आज ती मला देता येत नाही. नाव दुसऱ्याचं पाठवावं लागेल."

"काय म्हणतायत?" आईने बाही ओढली.

यूरीमने एकही शब्द न गाळता सांगितले. आपले नाव गेले हे वाक्य तिने आधी आईच्या भाषेत उच्चारले आणि मगच ते तिला स्वतःला कळले.

सुनओकने सगळे ऐकून घेतले आणि सरांना पुन्हा कमरेतून वाकून नमस्कार केला. यूरीम तिच्या शेजारी उभी होती. आपणही वाकावे की सरांच्या डोळ्यांत पाहत राहावे, हे ठरेना. तोवर आई दाराशी पोहोचून तिला हाक मारीत होती.