मी घणसोली गाव बुडवलं

प्रोजेक्टरच्या पडद्यावर घणसोली गाव निळं झालं होतं. निदान गावठाणाचा खाडीकडचा भाग तरी. मी लेझर पॉइंटर त्या निळ्यावरून फिरवत म्हणालो, "उधाणाच्या भरतीला इथे गल्लीत दोन मीटर पाणी चढतं."

आम्ही ज्या हॉलमध्ये बसलो होतो, तोही त्या निळ्यातच होता. हे फक्त माझ्या लक्षात आलं नव्हतं. बाकी सगळ्यांच्या आलं होतं.

मागच्या सतरंजीवरून एक बाई उठल्या. हिराबाई म्हात्रे, वय सत्तरच्या आसपास. नाल्याला लागून त्यांची दोन घरं. एकात त्या राहतात, दुसरं भाड्याने दिलेलं.

"कंच्या उधानाला?"

"दर उधाणाला, आजी. महिन्यातून दोनदा."

"दोन मीटर म्हंजे माज्या डोक्यावरून पानी. मंग आमी काय मासं हाव?"

म्हणताना त्यांनी दोन्ही हातांनी पोहूनही दाखवलं. हॉल हसून हसून आडवा झाला. मी पुढची स्लाइड लावली. तिच्यावरही निळंच होतं.

आता मी कोण ते सांगतो. एक आंतरराष्ट्रीय विकास बँक रस्ते, पूल, गटारं यांसाठी कर्ज देते. पैसे सोडण्याआधी ती आपला माणूस पाठवते. त्याने जागा बघायची आणि हे काम चालेल की नाही ते सांगायचं. त्या माणसाला इन्फ्रास्ट्रक्चर स्पेशालिस्ट म्हणतात. वीस वर्षं मी हेच करत लाओस, मोझांबिक, बांगलादेश फिरलो. घरापासून अर्ध्या तासावरचा प्रोजेक्ट पहिल्यांदाच मिळाला होता. राहायला मी सीवूड्सला, सातव्या मजल्यावर. भरतीशी माझा संबंध गॅलरीतून बघण्यापुरता. पण आत्मविश्वास असा, की जणू खाडी मीच खणली.

काम सोपं होतं. गावातला नाला खाडीला मिळतो तिथे एक दरवाजा आहे. आम्ही त्याला फ्लॅप गेट म्हणतो, गावातले लोक उघाडी म्हणतात. ओहोटीला नाल्याचं पाणी ते झाकण ढकलून बाहेर पडतं. भरतीला खाडीचं पाणी ते बाहेरून दाबून बंद करतं. मोटर नाही, वायरिंग नाही. जुनी उघाडी काढून नवी बसवायची होती आणि कोणती घरं फार खोलात आहेत ते सांगायचं होतं.

मी सात घरं शोधली. सातही दारांवर सर्व्हेच्या लोकांकडून लाल ऑइलपेंटने नंबर टाकून घेतले. ही आमची नेहमीची पद्धत. नंबर पडला म्हणजे घर स्थलांतराच्या यादीत. हिराबाईंच्या दोन दारांवर सहा आणि सात.

मीटिंग संपल्यावर त्या थेट माझ्यासमोर आल्या. "शहर बांधलंत तवा आमची शेती गेली, मिठागरं गेली. तवा प्रकल्पग्रस्त झालो. आता गटारासाठी परत प्रकल्पग्रस्त? येकाच जन्मात दोनदा?"

मी म्हणालो, मोबदला मिळेल. त्या म्हणाल्या, मोबदल्यात नाला मिळेल का, जिथे त्यांच्या नवऱ्याची होडी लागायची? याला आमच्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

माझी टीम लीडर हेलेन बाजूला उभी होती. ती हॉलंडची, मराठी शून्य. बाई काय म्हणाल्या, असं तिने विचारलं. मी म्हटलं, त्यांना आणखी माहिती हवी आहे.

हेलेन म्हणाली, "आणि पोहत का होत्या?"

मग तिला खरं सांगावं लागलं. आमची इंग्रजी कुजबुज बघून हिराबाईंनीच तोडगा काढला. आगरी माणूस तू-तुम्हीच्या भानगडीत फारसा पडत नाही.

"पुनवेला ये. उधान बाराला भरतंय. माजे पायरीवर बस. बुडलास तर घर तुजं."

पौर्णिमा बुधवारी होती. रिपोर्टवर सही शुक्रवारी. एकदा सही झाली की सात नोटिसा निघणार. ती यादी मागे घ्यायला मग वर्षं लागतात. लावायला एक सही लागते.

बुधवारी मी मॉलमधून घेतलेले गुडघ्यापर्यंतचे नवे गमबूट घालून गेलो. त्यांचं लेबल काढायचं राहिलं होतं. हिराबाईंनी पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि शेजारणीला एवढंच सांगितलं, की साहेबाला बुडायची हौस आहे. मग चहा आला. मागोमाग तळलेले बोंबील. हेलेनने सहा खाल्ले. मी घड्याळ खात होतो.

त्यांच्या घरासमोर नाल्यात उतरायच्या दगडी पायऱ्या आहेत. उघाडीचं झाकण प्लास्टिक आणि फाटकी जाळी अडकून अर्धं उघडंच राहिलेलं, त्यामुळे भरती सरळ नाल्यात शिरत होती. म्हणजे खाडीत जेवढं पाणी, तेवढंच आमच्या पायाशी. अकरा वाजता सगळ्यात खालची पायरी गेली. साडेअकराला तिच्या वरची. मी गमबूट सावरले.

बाराला पाणी वरून तिसऱ्या पायरीशी आलं. तिथे दगडावर चुन्याची जुनी रेघ होती, हिराबाईंच्या सासऱ्यांनी मारलेली. पाणी रेघेला टेकलं आणि थांबलं. सव्वाबारा झाले तरी थांबलेलंच. गल्ली त्याच्या अर्धा मीटर वर, खडखडीत कोरडी. तिथे हिराबाईंची मांजर पाय पसरून झोपली होती.

"आला का तुजा दोन मीटर?" हिराबाईंनी विचारलं.

हेलेनने एकच प्रश्न विचारला. तोही हळू आवाजात, म्हणून जास्त लागला. "तुझ्या भरतीच्या टेबलचा शून्य कुठे आहे?"

माझ्या हातातला बोंबील हातातच राहिला.

सोपं करून सांगतो. भरतीचं टेबल जहाजवाल्यांसाठी असतं. त्यांना तळ लागायची भीती, म्हणून ते अगदी खालच्या ओहोटीपासून मोजतात. शहराच्या नकाशातली उंची समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोजतात. आपल्याकडे या दोन शून्यांमध्ये साधारण अडीच मीटरचं अंतर आहे. टेबलात उधाण पाच मीटर, नकाशात गल्ली तीन मीटर. मी पाचातून तीन वजा केले आणि गाव दोन मीटर बुडवलं. हे म्हणजे एका माणसाची उंची जमिनीपासून मोजायची, दुसऱ्याची तळघरापासून, आणि मग दुसरा राक्षस आहे म्हणून बोंब मारायची.

हे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतात. मी स्वतः दोनदा ट्रेनिंगमध्ये शिकवलंय.

हिराबाईंना मी सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, गल्लीत पाणी येतं, पण पावसात, उधाणाच्या दिवशी, आणि ते या अडकलेल्या झाकणामुळे. खाडी आत येते आणि पावसाला बाहेर जायला वाट उरत नाही. "हे इचारलंस कुनाला?"

विचारलं नव्हतं. मी स्लाइड दाखवत होतो.

शुक्रवारी रिपोर्ट गेला. स्थलांतराच्या यादीत शून्य घरं. नवी उघाडी, तिच्यापुढे कचरा अडवायची जाळी, आणि ती साफ करायचं काम गावातल्याच लोकांना. हेलेनने चुकीबद्दल तळटीप टाकली. माझं नाव लिहिलं नाही, पण 'कन्सल्टंट' या शब्दाखाली रेघ ओढली.

एक गोष्ट राहिली होती. लाल नंबर. हिराबाईंचा निरोप आला, ज्याने लिहिलं त्यानेच पुसायचं. ऑइलपेंट रॉकेलने निघेना, म्हणून रविवारी मी हिरव्या रंगाचा डबा घेऊन गेलो. सहा आणि सात नंबरची दारं रंगवली. तेवढ्यात बाकीच्या पाच घरवाल्यांनी बघितलं. नंबर त्यांच्याही दारावर होतेच. हेलेनने डबा धरला, मी संध्याकाळपर्यंत सात दारं केली. आठवा एक गृहस्थ खुर्ची टाकून बसला होता. त्याच्या दारावर नंबर कधीच नव्हता. तो म्हणाला, माझंही जरा फिकट झालंय.

त्याचंही केलं.

तेव्हापासून कुणी आकडा दिला की मी आधी त्याचा शून्य विचारतो. आणि नंबर टाकायला खडू वापरतो.

नवी उघाडी बसली त्या दिवशी हिराबाईंनी बोलावलं होतं. भरतीला झाकण घट्ट मिटलं आणि खाडी बाहेरच राहिली. दार अजून हिरवंच होतं, खालच्या कोपऱ्यात माझे ओघळ स्पष्ट दिसत होते. त्यांनी ते शेजारणीला बोटाने दाखवले.

"साहेब पान्याचा हाय," त्या म्हणाल्या. "रंगाचा नाय."

दोन्हीपैकी निदान एका विषयात मी पास झालो होतो.