आठवीची खोली आणि नसलेला जिना

बांधकाम खात्याच्या निविदा शाखेत माझी बत्तीस वर्षं गेली. म्हणजे मी काही बांधलं नाही. कुणी कुठल्या भावात बांधायचं हे ज्या लिफाफ्यांत लिहिलेलं असे, ते लिफाफे फोडले. निवृत्त होऊन मेहकरहून गावी परतलो तेव्हा ठरवलं होतं की आता पुस्तकं वाचायची, सकाळी चालायला जायचं आणि लिफाफ्यांवरच्या लाखेचा वास विसरायचा. गावानं ते होऊ दिलं नाही. पहिल्याच महिन्यात शाळेच्या अध्यक्षांनी मला बांधकाम समितीवर घेतलं आणि सभेत माझी ओळख ‘निविदा क्षेत्रातले तज्ज्ञ’ अशी करून दिली. असं एक क्षेत्र असतं हे मला त्या दिवशी कळलं.

काम एका खोलीचं होतं. आमची शाळा सातवीपर्यंत. त्या वर्षी आठवीला परवानगी मिळाली, पण एका अटीवर: जूनअखेर शाळा उघडण्याआधी आठवीची वेगळी खोली उभी पाहिजे. विस्तार अधिकारी येऊन बघणार, मग वर्ग सुरू. खोली नाही तर वर्ग नाही. सातवीनंतर गावातली मुलं सायकलवर किंवा कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून मेहकरला जातात. मुलींना सकाळची बस धरायला फाट्यापर्यंत तीन किलोमीटर चालावं लागतं, आणि दर वर्षी निम्म्याअधिक मुलींची शाळा त्या तीन किलोमीटरांत संपायची.

म्हणून मुख्याध्यापिका बाई मार्चमध्येच सतरा घरं फिरल्या. सातवीतल्या सतरा मुलींच्या आईबापांना त्यांनी सांगितलं की दाखला नेऊ नका, आठवी इथेच होणार. लोकांनी त्यांचं ऐकलं. सतरा दाखले बाईंच्या कपाटात राहिले. मेहकरच्या शाळांत जागा मेपर्यंत भरतात. खोली झाली नसती तर या सतरा जणी ना इथल्या राहिल्या असत्या ना तिथल्या. बाईंना हे माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी फक्त ते लिहिलं नाही.

लिहिलं ते भलतंच. समितीनं मला कंत्राटदार कसा नेमावा यावर टिपण मागितलं आणि मी चौदा पानं दिली. पैसा लोकवर्गणीचा आणि पुण्यात स्थायिक झालेल्या एका देणगीदाराचा, म्हणजे सरकारी नियमांचं बंधन नव्हतं. कुठलीही पद्धत निवडता येत होती, आणि माझ्यासारख्याला तेवढी मोकळीक पुरली. पहिली पद्धत तीन दरपत्रकं मागवण्याची. झटपट होते, पण तिन्ही दरपत्रकं बहुधा एकाच माणसाच्या पिशवीतून निघतात. दुसरी खुली निविदा. पेपरात जाहिरात द्यायची, दोन लिफाफे घ्यायचे, एकात कंत्राटदाराची लायकी आणि दुसऱ्यात त्याचा भाव. आधी लायकी तपासायची आणि मगच भाव फोडायचा. लग्न जमवताना आपण याच्या बरोबर उलट करतो. तिसरी म्हणजे माहितीतल्या एकाच कंत्राटदाराशी बसून बोलणी करणं, सगळ्यांत माणुसकीची आणि त्यामुळेच सगळ्यांत संशयास्पद. चौथी, सामान आपण आणून मिस्त्रीला नुसत्या मजुरीवर लावायचं. हिला मी अर्धं पान दिलं, कारण हिच्यात फोडायला लिफाफाच नसतो.

शेवटी तक्ता होता. खर्च, पारदर्शकता, जबाबदारी, वादाची शक्यता असे चार रकाने, सगळे पट्टीनं आखलेले. बाईंनी पानं उलटली, तक्त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “भाऊ, यातली लवकर कोणती होते?”

मी म्हणालो, ते परिस्थितीवर अवलंबून आहे. बत्तीस वर्षं हेच उत्तर दिलं होतं. त्यांनी टिपण मिटून टेबलावर ठेवलं आणि त्या खिडकीतून मोकळ्या जागेकडे पाहत राहिल्या.

समितीनं आधी तीन दरपत्रकं मागवायचं ठरवलं. आठवड्यात तिन्ही आली. तीन वेगवेगळ्या फर्मचे छापील कागद, तीन रंगांचे शिक्के आणि शेवटी बेरजेत थोडा थोडा फरक. मी सवयीनं बाब-बाब वाचत गेलो. सातव्या बाबीवर थांबलो. ‘जिन्याला लोखंडी कठडा.’ दुसऱ्यात पाहिलं, सातवी बाब तीच. तिसऱ्यातही. आमची खोली तळमजल्याची, एकटी. जिना नकाशात नव्हता, अंदाजपत्रकात नव्हता, अध्यक्षांच्या भाषणातही नव्हता. पण तिघांनाही तो दिसला होता आणि तिघांनीही त्याला कठडा लावला होता. कुठल्या तरी जुन्या कामाचा कागद समोर ठेवून एकाच माणसानं तिन्ही लिहिली होती, उघड होतं.

मला आनंद झाला, हे कबूल केलं पाहिजे. चोरी सापडल्याचा आनंद वेगळाच असतो, आणि त्यात आपण काय हरवून बसतो ते दिसत नाही. मी सभेत तिन्ही कागद शेजारी-शेजारी मांडले. लोक हसले. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “भाऊ, तो जिना खोडून टाका न. खोली तर बांधतील ना ते?”

मी म्हणालो, प्रश्न जिन्याचा नाही, तत्त्वाचा आहे. सभा माझ्या बाजूनं गेली. दरपत्रकं रद्द झाली. तेव्हा एप्रिलचा दुसरा आठवडा होता.

मग अध्यक्षांनी खुली निविदा धरली. तक्ता वाचून नव्हे. जाहिरातीखाली अध्यक्षाचं नाव छापतात, एवढं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. जाहिरात दिली, पंधरा दिवसांची मुदत ठेवली. ते पंधरा दिवस माझे घरात गेले नाहीत. सकाळी चालायला निघायचो तो शाळेच्या मोकळ्या जागेशी जाऊन थांबायचो. दुपारी चारला पुन्हा. जागेवर एक लिंबाचं झाड आणि चुन्यानं आखलेल्या रेषा. रेषा पुसत चालल्या होत्या. त्यांच्यावरून पोरं चालत, कोंबड्या चालत, मीही चालत होतो. बाई ऑफिसच्या दारातून मला बघत. हाक मात्र मारत नसत.

मुदत संपल्यावर लिफाफे ऑफिसात बसून पंधरा मिनिटांत फोडता आले असते. अध्यक्षांनी त्याचा कार्यक्रम केला. मांडव घातला, माइक लावला, टेबलाला झालर लावली. गावातल्या सगळ्यांना, सतरा मुलींच्या बापांनाही, बोलावणं गेलं. मला शाल आणि नारळ मिळाला. लिफाफा फोडण्याआधी माणसाचा सत्कार मी नोकरीत कधी पाहिला नव्हता. फोडल्यानंतर चौकशी होताना पाहिली होती. पाच निविदा आल्या होत्या. दूरच्या एका कंत्राटदारानं अंदाजपत्रकापेक्षा अठ्ठावीस टक्के कमी भाव भरला होता. अध्यक्षांनी आकडा माइकवरून दोनदा वाचला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. एवढा खाली गेलेला माणूस एकतर कामाला येत नाही, नाहीतर येऊन सिमेंटला येऊ देत नाही. पण माझ्याच टिपणात सर्वांत कमी भाव स्वीकारावा असं लिहिलेलं होतं, आणि खांद्यावर शाल होती.

तो आला नाही. आधी म्हणाला सोमवारी येतो, मग माणसं मिळत नाहीत म्हणाला, मग फोन उचलेना. दुसऱ्या क्रमांकावाल्याला विचारलं, तर त्या भावात करायला तो तयार नव्हता. मेचा तिसरा आठवडा उजाडला. शाळेला सुट्टी लागली होती तरी बाई रोज दहा वाजता येऊन ऑफिस उघडून बसत. एक दिवस एक बाप आला आणि पोरीचा दाखला घेऊन गेला. दोन दिवसांनी दुसरा. कपाटात पंधरा राहिले.

त्या दुपारी मला घरात बसवेना. गावातल्या मिस्त्रीचं काम आमच्या गल्लीच्या टोकाला चालू होतं. एका घराची मागची भिंत तो चढवत होता. मी का गेलो सांगता येत नाही. कुणीतरी काहीतरी बांधत असलेलं बघावंसं वाटलं असेल. त्यानं सिमेंटच्या मसाल्याची पाटी खाली ठेवली, मला बसायला विटांची रास दाखवली आणि विचारलं की शाळेच्या खोलीचं काय झालं. मी सगळं सांगितलं. दरपत्रकं, जिना, निविदा, अठ्ठावीस टक्के.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “साहेब, ते दरपत्रकवाले तिघं माह्याकडंच आले होते. काम भेटलं तं तूच करजो म्हणे. थो अठ्ठावीसवाला बी आला होता. त्याले म्या म्हटलं, इतक्यात माह्या मजुरायची मजुरी बी निघत नाही. मंग तो आलाच नाही.”

मी विचारलं, म्हणजे कुणालाही काम मिळालं असतं तरी बांधणारे तुम्हीच होता?

“मंग? गावात दुसरं कोण हाये? तुमी मले पयलेच काऊन नाही इचारलं?”

याचं उत्तर माझ्याजवळ होतं. त्याची कुठे नोंदणी नव्हती, त्याचा शिक्का नव्हता, त्याला लिफाफा देता आला नसता. चौदा पानं मी ज्या प्रश्नावर खर्च केली तो प्रश्न खोली कोण बांधणार हा नव्हताच. बांधणाऱ्याच्या आणि आमच्या मध्ये कोण उभं राहणार, एवढाच होता. मी विटांवरून उठलो, पुन्हा बसलो. विचारलं, आता घेतलं तर जूनअखेर होईल का.

त्यानं बोटांवर दिवस मोजले. पाया, भिंती, मग स्लॅब. स्लॅब टाकला की खालचे टेकू वीस-एकवीस दिवस काढता येत नाहीत. टेकूंच्या जंगलात पोरी कुठं बसतील? नाही होत, म्हणाला. मग त्यानं विचारलं, “टिन चालन का? भिंती पक्क्या बांधतो, वरतं टिन टाकतो. स्लॅब पुढच्या साली. शाळेची जुनी भिंत एका बाजूनं हायेच, तितके दिवस वाचतात.”

अंदाजपत्रकात स्लॅब होता, म्हणून दरपत्रकांत स्लॅब होता, निविदेत स्लॅब होता. भाव सगळ्यांना विचारला होता. छत कशाचं असावं हे कुणालाच विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तातडीची सभा झाली. मी चौथी पद्धत मांडली: सामान समिती आणेल, मिस्त्री मजुरीवर बांधेल, वर टिनाचे पत्रे. अध्यक्षांना टिन सहन होईना. देणगीदार पुण्याहून उद्घाटनाला येणार, त्यांना टिनाखाली कसं उभं करायचं, असं ते बराच वेळ बोलले. बाईंनी त्यांना पुरं बोलू दिलं. मग कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली.

“मी सतरा घरी शब्द दिला आहे. दोघं दाखले घेऊन गेले. बाकी पंधरा दाखले उद्या सकाळी मी स्वतः घरोघर नेऊन देते, आणि उशीर माझ्यामुळे झाला असं सांगते. म्हणजे समितीवर बोल नको. तुम्ही मग सावकाश स्लॅबची खोली बांधा.”

त्या वेळी मी या सगळ्या प्रकरणातली माझी एकमेव उपयोगी सूचना केली. म्हटलं, यंदा टिनाच्या खोलीचं उद्घाटन होईल आणि पुढच्या वर्षी स्लॅबचं. खोली एक, उद्घाटनं दोन. अध्यक्षांनी विचार केला आणि ठराव एकमतानं मंजूर झाला.

मिस्त्रीनं चालू असलेली भिंत महिनाभरासाठी सोडली, त्या घरमालकाला बाईंनी समजावलं, आणि रेषा पुन्हा आखल्या गेल्या. मी गिट्टीच्या ट्रॅक्टरवर, रेतीवर, सिमेंटच्या गोण्यांवर लक्ष ठेवत उन्हात उभा राहत होतो. मिस्त्रीला ते फारसं रुचत नव्हतं. एकदा म्हणाला, साहेब, तुमी सावलीत बसा, भिंत तुमच्याकडं पाहून सरळ होत नाही. तरी मी उभा राहायचो. बसलो की कॅलेंडर आठवे.

विस्तार अधिकारी आले तेव्हा भिंतींना आतून गिलावा होता, बाहेरून नव्हता. फरशी दोन दिवसांपूर्वी बसवलेली, दाराला रंग नाही. त्यांनी वर टिनाकडे पाहिलं, खिडक्या मोजल्या, खुर्ची मागवून पाच मिनिटं बसून पाहिलं आणि सही केली. कंत्राटदार कोणत्या पद्धतीनं नेमला, हे त्यांनी विचारलं नाही. मी टिपणाची प्रत घेऊन उभा होतो.

पहिल्या दिवशी आठवीत मुली पंधरा. मी बाईंना विचारलं, त्या दोघींचं काय? एक नांदुऱ्याला आत्याकडे गेली, तिथं तिचं नाव लागलं. दुसरी घरीच आहे. बाईंनी मला त्या घरी जायला सांगितलं. त्या स्वतः एकदा जाऊन आल्या होत्या, आता माझी पाळी होती.

मुलीचा बाप ओसरीत बसून फवारणीच्या पंपाची नळी जोडत होता. मला पाहून म्हणाला, “या भाऊ. उघडला का मंग लिफाफा?”

मी म्हणालो, खोली झाली आहे, टिनाची आहे, वर्ग सुरू आहे. मेहकरला जागा मिळाली का विचारलं. नाही मिळाली, म्हणाला. जूनमध्ये गेला तोवर भरल्या होत्या. मग नळी बाजूला ठेवून तो म्हणाला, “म्या दाखला रागानं नाही नेला भाऊ. मांडवात मी होतो न. तुमी सारे तिथं भाव वाचून राह्यले होते, लोकं टाळ्या वाजवून राह्यले होते, अन् जागेवर एक टोपलं माती नव्हती. तेच पाहून भेव वाटलं.”

तो आत गेला आणि पेटीतून दाखला आणून माझ्या हातात दिला. उघडा कागद, मधोमध एक घडी. मी तो खिशात घातला नाही, हातात धरूनच शाळेपर्यंत चालत गेलो. बाईंनी तो वाचला, हजेरीपट काढला आणि सोळावं नाव लिहिलं.

अध्यक्षांचा निरोप आठवड्यात आला. पुढच्या वर्षी नववी, म्हणजे अजून एक खोली. टिपण तयार ठेवा. मी जुना तक्ता काढला, त्यात ‘दिवस’ असा पाचवा रकाना आखला आणि भरायला काहीच सुचेना तेव्हा चप्पल घालून मिस्त्रीच्या घरी गेलो. तो म्हणाला, “साहेब, खोली पुढच्या जूनले पाह्यजे, आता तं जुलैच हाये.”

“म्हणूनच आलो,” मी म्हणालो.