पिशवीतला हात

कापसाच्या त्या वाईट वर्षांत संध्याकाळ झाली की माय दारात उभी राहायची. बाबांना उशीर झाला की यवतमाळहून येणाऱ्या रस्त्याकडे पाहत राहायची. बाबा यवतमाळला एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई करणाऱ्या कारखान्यात, हमाल होते. एका हंगामात त्या जिनिंगचं फाटक उघडलंच नाही. घरात दोन्ही वेळा अंबाडीची भाजी, आणि आजूबाजूच्या गावांतून ज्या बातम्या यायच्या त्या इथे सांगत नाही... म्हणून गेल्या महिन्यात मायचा फोन आला, "तुहा बाप गेला वं, चहा पेऊन खुर्चीतच," तेव्हा रडतारडताच मला सुटल्यासारखं वाटलं. म्हातारे होऊन, स्वतःच्या दुकानासमोर, आपल्या खुर्चीत. असं मरण त्यांना येईल, ही आशा त्या वर्षांत आम्ही केली नव्हती.

जिनिंग बंद पडल्यावर बाबा सलीमचाचांच्या गॅरेजात गाड्या धुवायला लागले. चाचा रंगकाम करायचे. त्यांच्या पुतण्याने नागपूरहून क्लेची एक वडी आणली होती. गाडी धुऊनही रंगावर चिकटून राहिलेलं डांबर, झाडांचा चीक ती ओढून काढते, फक्त पत्रा शाम्पूच्या पाण्याने ओला हवा. मऊ गोळा पाहून बाबांनी तिचं नाव 'कणीक' ठेवलं. ती लावायची की नाही, हे ते हातात प्लास्टिकची पिशवी घालून ठरवायचे. धुतलेल्या पत्र्यावरून पिशवीतला हात हलका फिरवायचा; नुसत्या बोटांना न कळणारी खरखर प्लास्टिकमधून कळते. खरखर लागली तरच कणीक. मी तेव्हा कॉलेजात होते. आमच्या घराण्यातली पहिलीच, हे मी आजही छाती काढून सांगते. बाबा मलाही म्हणायचे, "कॉलेजवाली, तू बी हात फिरवून पाह्य."

भर उन्हाळ्यात एका डॉक्टरांची काळी गाडी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलीचा साखरपुडा. गाडी हंगामभर कडुनिंबाखाली उभी होती. मी डबा घेऊन गेले तेव्हा चाचा बाबांना सांगत होते, "महादेव, ये गाडी चमकली तर शेडचा हा कोपरा तुझा, तुझं काम तू कर. बिगडली तर दोघंबी घरी बसू." घरी बसणं काय असतं, ते आम्हाला माहीत होतं.

बाबांनी गाडी धुतली, पिशवीतला हात फिरवला आणि थांबले.

"काहून थांबले?" डॉक्टर म्हणाले.

"साहेब, पत्रा तापला. शाम्पूचं पाणी लावल्या लावल्या वाळून राह्यलं, आन् रस्त्याची धूळ उडून राह्यली. इथं नाही जमत."

मग जमणार कुठे? बाबांनी बंद जिनिंगचं नाव घेतलं. चौकीदार ओळखीचा होता, आणि ज्या गोदामात त्यांनी आयुष्यभर रुईच्या गाठी वाहिल्या ते उंच, गार, रिकामं पडलं होतं. चाचा ओरडले, "अरे पागल, गोदामात? रुई चिपकेल ना गाडीले!"

"रुई असती त मी तुमच्याकडं कायले आलो असतो, चाचा?"

चाचांना हसावं की रडावं कळेना. डॉक्टरांनी गाडी गोदामात नेली, आम्हीही मागोमाग गेलो. कानाकोपऱ्यात थोडी रुई होतीच. बाबांनी जमिनीवर पाणी शिंपडलं, ती बसू दिली. बोनेट गार होईपर्यंत गाडीला हात लावला नाही. मग शाम्पूचं पाणी ओतून कणीक फिरवायला लागले... आणि ती हातातून निसटून खाली पडली.

"उचला, पुसून घ्या," डॉक्टर म्हणाले.

"नाही साहेब. हिले खडे लागले. आता हे साफ नाही करत, ओरखडते." आणि बाबांनी ती दाराबाहेर भिरकावली. चाचांनी डोक्याला हात लावला. दुसरी वडी अख्ख्या यवतमाळात नव्हती.

पण बाबांना जन्मभराची सवय, भाकरीतली कोर मागे ठेवायची. वडीचाही अर्धा तुकडा त्यांनी आधीच तोडून डब्यात ठेवला होता. एवढा तुकडा सगळ्या गाडीला पुरणार नव्हता. त्यांनी पुन्हा पिशवी चढवली. छत गुळगुळीत होतं, सोडलं. एका दाराचा रंग आधी घासून पातळ झालेला, तेही सोडलं. बोनेट, डिकी आणि चाकांमागचा खालचा पत्रा, बस. शेवटी डॉक्टरांनी पिशवी मागून घेतली, स्वतः हात फिरवला, आणि मान डोलावून चावी घेतली. चाचा म्हणाले, "महादेव, कोपरा झाडून घे उद्या."

त्या दिवशी बाबांना घरी यायला फार उशीर झाला. माय दारातच होती. "पाहून काय राह्यली," बाबा म्हणाले, "जेवाले वाढ. कोपरा भेटला." माय आत गेली ती थेट चुलीपाशी. त्यानंतर मी तिला दारात तशी उभी पाहिली नाही.

शेवटची भेट दिवाळीतली. मी नवी गाडी नेली होती. बाबांनी पिशवी चढवली, बोनेटवरून हात फिरवला. "एवढ्यात नको घासू. गरज नाही." पिशवी परत खिळ्याला अडकवली. ती तिथेच आहे, बोटांच्या जागी थोडी फुगलेली. मी काढू दिली नाही.

चाचांच्या त्या कोपऱ्याचं पुढे बाबांचं स्वतःचं दुकान झालं, आणि त्या दुकानावर मी एम.कॉम. झाले.