रतीबाच्या कोठीतला गहू

रतीबाला गावात सगळे 'शहाताची आई' म्हणत. नाईलच्या कालव्याकाठचं ते गाव, आणि तिच्या मातीच्या भट्टीवरची भाकरी अर्ध्या आळीत जायची. साठीला टेकलेली, बोलायला मोकळी बाई. मुलगा शहाता कैरोत गवंडीकाम करायचा. घरात ती, नवरा मितवल्ली, सून इन्साफ आणि दोन नाती: सहा वर्षांची बस्मा आणि दोन वर्षांची नुहा.

त्या वर्षी गहू चांगला आला होता. आदल्या साली मात्र सोंड्यांनी निम्मी पोती पोखरली होती, पिठातून किडे चाळून काढताना इन्साफ रडकुंडीला आली होती. म्हणून जूनमध्ये मळणी झाली तसा मितवल्ली बाजारातून किडे मारायच्या विषारी गोळ्यांचा डबा घेऊन आला. दुकानदार म्हणाला होता, पोत्यात टाका आणि विसरून जा. मितवल्लीने सकाळीच सगळ्या पोत्यांत मूठमूठ गोळ्या टाकल्या, कोठीचं दार लावलं आणि अंगणात खाटेवर आडवा झाला. कोठीच्या भिंतीला वर एक झरोका होता. तो पलीकडच्या खोलीत उघडायचा, आणि त्याच खोलीत मुली दुपारी झोपायच्या. हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

इन्साफ बाजाराला गेली होती. रतीबा परसात भट्टीपाशी होती. भाकरी उलटता उलटता तिला लसणासारखा वास आला. तिने आधी शेजारणीचं कालवण असेल म्हणून सोडून दिलं. मग कोठीच्या दारापाशी पाहिलं, तर दोन बदकं आडवी पडलेली. तिसरं मान टाकून पाय झाडत होतं.

हातातली भाकरी तिने तशीच टाकली.

खोलीत वास दाट होता. बस्मा कुशीवर होती, तोंडातून फेस आल्यासारखं पाणी. नुहा हलेना. रतीबाने श्वास धरून एकीला काखेत मारलं, दुसरीला हाताला धरून ओढत अंगणात आणलं आणि मोठ्याने हाका मारल्या. उन्हात आणल्यावर बस्माने भडाभडा ओकून टाकलं. नुहाचे हात त्या रणरणत्या दुपारी गार होते.

मितवल्लीला वास कळतच नसे. तरुणपणी तापात त्याचं नाक गेलं होतं. पण बदकं पाहिल्यावर त्याला सगळं कळलं. तोंडाला उपरणं गुंडाळून तो कोठीकडे धावला, पोती बाहेर ओढायला.

रतीबाने त्याचा झगा मागून घट्ट धरला.

"सोड, शहाताची आई. मीच केलंय, मीच निस्तरतो."

"तुम्ही आत गेलात तर मी मागोमाग येते. मग या पोरींना इस्पितळात कोण नेणार?"

त्याने तोंडावरचं उपरणं सोडलं. शेजारच्या वजीदाच्या दिराने आपली टुकटुक रिक्षा आणली आणि चौघं निघाली. वाटभर रतीबा नुहाच्या छातीवर कान ठेवून बसली होती. खड्ड्यात गाडी आदळली की ठोका ऐकू यायचा बंद होई, आणि ती कान आणखी घट्ट दाबी.

तालुक्याच्या इस्पितळात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिने काही लपवलं नाही. म्हणाली, "आजी, या विषावर उतारा नाही. आम्ही श्वास आणि हृदय सांभाळतो. बाकी वाट बघायची."

इन्साफ बाजारातून थेट तिथे आली. सासऱ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. मितवल्ली भिंतीला टेकून उकिडवा बसून राहिला, पाण्याचा घोटही घेईना. रतीबाला त्याचा संताप येत होता आणि कीवही येत होती. शेवटी तिने पाण्याचा पेला त्याच्या हातात ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी नुहाने दूध मागितलं. तेव्हा कुठे रतीबाच्या लक्षात आलं, की आपल्या हाताची बोटं भट्टीत भाजली आहेत.

गावी परतली तर अंगणात माणसं जमलेली. वजीदा बादली घेऊन उभी होती, पोत्यांवर पाणी मारून विष धुऊन काढू म्हणत होती. शेती सोसायटीचे इंजिनियर रिफअत तेवढ्यात आले म्हणून बरं. ते लांबूनच ओरडले, "पाणी नका घालू! ओल लागली की त्या गोळीतून आणखी वायू सुटतो." त्यांनी सगळ्यांना लांब पिटाळलं, तोंडाला विषारी वायू गाळणारा मुखवटा लावून दारंखिडक्या उघडल्या आणि आठवडाभर घरात कुणाला पाऊल टाकू दिलं नाही. मग पोती शेतात नेऊन, गहू वाऱ्यावर धरून, गोळ्यांची करडी राख चाळून काढली आणि खोल पुरली. जिथे माणसं झोपतात तिथे ही गोळी आणायचीच नसते, ते म्हणाले. गहू आता खायला हरकत नाही.

इन्साफ म्हणाली, विकून टाकू. रतीबा म्हणाली, "आपल्याला भीती वाटते ते दुसऱ्याच्या लेकरांना घालायचं?" तिने एक भाकरी भाजली, एकटीने खाल्ली आणि अख्खा दिवस कुणाला त्या पिठाला हात लावू दिला नाही. आपल्याला काही होतं का, ते ती पाहत होती.

पुढच्या वर्षी रिफअतांनी सांगितलं तसं केलं. गहू कडक उन्हात वाळवला, चाळला, घट्ट झाकणाच्या पिंपांत काठोकाठ भरला आणि झाकणाच्या फटी मेणाने बुजवल्या. हवा मिळाली नाही की किडा आपसूक मरतो. चार महिन्यांनी पिंप उघडलं तर वर थोडे मेलेले सोंडे, खाली गहू स्वच्छ.

मळणी झाली की रतीबा आता घरोघर जाते, पोरं कुठे झोपतात ते विचारते. काही जणी हसतात. "हिला सगळीकडे वासच येतो," म्हणतात. बस्मा शाळेत जाते, पण दार लावलेल्या खोलीत झोपत नाही.

गेल्या मोसमात वजीदाने आपल्या माळ्यावरचा तसल्याच गोळ्यांचा जुना डबा तिच्या हातात दिला. तूच ने बाई, मला घरात नको, म्हणाली. रतीबाने तो घरी न नेता गल्लीच्या टोकाला कोरड्या भिंतीवर ठेवून दिला. रिफअतांना निरोप धाडला. ते येईपर्यंत ती भिंतीपासून दहा पावलांवर, वारा जिकडून येत होता त्या बाजूला, उन्हात बसून राहिली, येणाऱ्या-जाणाऱ्याला लांबून जा म्हणत.